आकडा बघण्याचा धीर

हिशेबाला बसायचं ठरलं की आधी टेबल आवरलं जातं. मग पेन चालतंय का ते बघितलं जातं. मग खर्चाची नोंद ठेवणारं एखादं अ‍ॅप शोधायला घेतलं जातं, त्यातलं चांगलं कोणतं हे वाचण्यात अर्धा तास जातो आणि तेवढ्यात झोपायची वेळ होते. याला आळस म्हणायचा मोह होतो. पण आळशी माणूस टेबल आवरत नाही. ही सगळी धडपड दोन आकडे लांब ठेवण्यासाठी चाललेली असते: आज आपल्याकडे नेमके किती आहेत, आणि आपण किती देणं लागतो.

या वाटेने स्वतः गेल्यावर आणि इतरांसोबत कागद मांडून बसल्यावर आमचं एक मत पक्कं झालं आहे. घरचा पैसा सांभाळायला बेरीज, वजाबाकी आणि शेकडेवारी एवढंच गणित लागतं, आणि ते बहुतेकांना येतं. गाडी अडते ती धिराशी. मराठीत धाडस आणि धीर हे दोन वेगळे शब्द आहेत हे बरंच आहे. धाडस घटकेचं असतं, उडी मारली की संपलं. धीर धरावा लागतो, तो सुटतो, खचतो, दुसऱ्याला देताही येतो. पैशाच्या बाबतीत कौतुक होतं ते धाडसाचं, रोज कामाला येतो तो धीर. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्या म्हणीत पाय पसरण्याच्या आधी ‘पाहून’ आहे, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

न बघण्याच्या या सवयीला अभ्यासकांनी शहामृगाचं नाव दिलं आहे. (शहामृग वाळूत डोकं खुपसत नाही, ही बिचाऱ्याची उगाच झालेली बदनामी.) कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसलं की बाजार पडलेला असताना गुंतवणूकदार आपलं खातं कमी वेळा उघडून बघतात आणि चढलेला असताना जास्त वेळा. म्हणजे माहितीची गरज जेव्हा अधिक, तेव्हाच डोळे मिटलेले. घरच्या हिशेबातही हेच होतं. हात सैल असलेल्या महिन्यात शिल्लक दिवसातून दोनदा बघितली जाते आणि ओढाताणीच्या महिन्यात बँकेचा मेसेज न वाचताच पुसला जातो.

म्हणून पहिली बैठक फक्त बघण्यासाठी ठेवायची. वेळ ४० मिनिटं, घड्याळ लावून. रात्री नको, दमलेल्या डोक्याला प्रत्येक आकडा दीडपट दिसतो. पगाराच्या दिवशी नको, कारण त्या दिवशी शिल्लक फुगलेली असते. हप्त्याच्या दिवशीही नको. या दोन्हींच्या मधला एखादा दिवस, सकाळची वेळ. आणि एक नियम आधीच मोठ्याने बोलून टाकायचा: आज एकही निर्णय घ्यायचा नाही. हा नियम वरवर बिनकामाचा वाटतो, पण बैठक त्याच्याच जोरावर पार पडते. आकडा दिसला की लगेच काहीतरी सोडावं लागेल, विकावं लागेल, कुणाला तरी सांगावं लागेल, ही खरी धास्ती असते. तो पुढचा भाग आज नाही असं ठरलं की बघणं जमतं.

समोर घ्यायचं ते असं. सगळ्या खात्यांचे मागच्या तीन महिन्यांचे उतारे, प्रत्येक कर्जाचं ताजं विवरण, क्रेडिट कार्डाचं शेवटचं बिल, विम्याच्या पावत्या आणि एक कोरा कागद. कोरा कागद तोंडी उसनवारीसाठी. मित्राकडून घेतलेले, भावाने न मागता दिलेले, दुकानात उधार राहिलेले. हे कुठल्याच विवरणात येत नाहीत आणि मनावर सगळ्यात जास्त ओझं यांचंच असतं.

दुसऱ्या एका कागदावर सहा रकाने आखायचे: कुणाचं, आजची बाकी, वार्षिक दर, महिन्याचा हप्ता, राहिलेले हप्ते, चुकल्यास दंड. हाताने लिहायचं. टाइप करताना आकडा बोटांतून निसटून जातो, लिहिताना तो एकेक करून वाचावा लागतो. इथे होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. आजच्या बाकीच्या रकान्यात लोक मूळ कर्जाची रक्कम लिहितात किंवा नुसता हप्ता लिहितात. कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात, एकूण देय आणि किमान देय, म्हणजे दंड टाळण्यापुरती भरायची रक्कम. लिहिला जातो तो किमान. हात कसा वागतो ते जवळून बघण्यासारखं आहे. बिल टेबलावर सपाट ठेवलेलं असतं, अंगठा बरोबर एकूण रकमेवर येऊन बसतो, आणि माणूस त्या अंगठ्याच्या वरचं आणि खालचं सगळं मन लावून वाचत राहतो. अंगठा उचलायला सांगितला की उचलतो, पान उलटून परत येईपर्यंत पुन्हा तिथेच.

दराचा रकाना भरताना दोन ठिकाणी फसगत होते. महिना ३ टक्के हे वर्षाचे ३६ वाटतात, पण थकबाकीवरचं व्याज पुन्हा थकबाकीत मिळत गेलं तर ते ४२ टक्क्यांच्याही पुढे जातं. दुसरी फसगत सरळ दराच्या कर्जाची. ३ वर्षांसाठी ‘१० टक्के सरळ दर’ म्हणजे पूर्ण मुद्दलावर तिन्ही वर्षं व्याज, जरी मुद्दल दर महिन्याला कमी होत असलं तरी. १,००,००० घेतले तर परतफेड १,३०,००० ची, ३६ हप्त्यांत, प्रत्येकी सुमारे ३,६११. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच मोजलं तर हाच दर जवळजवळ १८ टक्के होतो. कर्ज देणारा खोटं बोललेला नसतो. आपण विचारलेलं नसतं. रकान्यात हा दुसरा दर लिहायचा, नाहीतर पुढची सगळी तुलना चुकते.

मग बेरीज. हा क्षण लांबवला जातो, म्हणून घड्याळातली शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवायची. बेरीज झाल्यावर पोटात खड्डा पडतो, तोंड कोरडं होतं, आणि ताबडतोब काहीतरी जबरदस्त ठरवावंसं वाटतं: उद्यापासून सगळे खर्च बंद, दागिना मोडायचा, जास्तीचं काम धरायचं. नियम आठवायचा आणि कागद घडी घालून ठेवून द्यायचा. या तिरमिरीत घेतलेल्या शपथा फार टिकत नाहीत, आणि मोडल्या की पुढच्या बैठकीला बसणं दुप्पट जड जातं. मनातला आकडा कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठा होता की लहान, हे फार महत्त्वाचं नाही. मोजलेल्या आकड्याला भागता येतं, मनातल्याला नाही.

पैशाची चणचण डोक्यातही जागा अडवते. मणी, मुल्लइनाथन, शफीर आणि झाओ यांचा २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास यासाठी गाजला. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना कापणीआधी, म्हणजे हात तंग असताना, आणि कापणीनंतर पैसे आल्यावर त्याच प्रकारच्या बौद्धिक चाचण्या दिल्या. तीच माणसं आधीच्या चाचणीत मागे पडली. त्या अभ्यासावर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण ओढाताणीत असलेला माणूस मूर्ख निर्णय घेतो म्हणून ओढाताणीत असतो, हा आपला आवडता निष्कर्ष उलटाही असू शकतो, एवढं त्यातून घेतलं तरी पुरे. व्यवहारात याचा अर्थ एकच: तंगीच्या काळात डोक्यावर कमीत कमी निर्णय ठेवायचे, आणि जे ठेवायचे ते लिहून.

दुसरी बैठक दोन-तीन दिवसांनी. त्याहून उशीर केला तर टेबल पुन्हा आवरलं जातं. यावेळी खर्च. खर्चाचे वीस प्रकार पाडणारे तक्ते मिळतात, ते दुसऱ्या आठवड्यात बंद पडतात. तीन पुरतात. बांधील खर्च: भाडं, हप्ते, विमा, शुल्क. लागणारा खर्च: अन्न, प्रवास, औषधं, वीज. आणि सुचलेला खर्च, जो सुचला नसता तर कुणाचं अडलं नसतं. उताऱ्यावर तीन रंगांच्या पेन्सिलींनी खुणा करत जायचं. एखाद्या नोंदीवर अडलात तर दहा सेकंदांत जो रंग सुचेल तो द्यायचा आणि पुढे जायचं. इथे न्यायाधीश व्हायचं नाही. गेलेल्या पैशावर स्वतःला शिव्या घालायला सुरुवात झाली की रंगकाम थांबतं. जोडीने बसला असाल तर आणखी लवकर थांबतं, कारण मग शिव्यांना समोर माणूस मिळतो.

या बैठकीतून बाहेर येणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे ‘या महिन्यात जरा वेगळं झालं’ या वाक्याचा पंचनामा. एका महिन्यात दुरुस्ती, दुसऱ्यात विम्याचा वार्षिक हप्ता, तिसऱ्यात कुणाचं आजारपण. प्रत्येक महिना अपवादाचा वाटतो आणि मनातलं अंदाजपत्रक मात्र कधीच न येणाऱ्या साध्या महिन्यावर बेतलेलं असतं. उपाय सोपा आहे. वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च एका ओळीत लिहायचे. समजा विमा २४,०००, शुल्क ३६,०००, दुरुस्त्या १२,०००. एकूण ७२,०००. त्याला १२ ने भागायचं: महिना ६,०००. ही रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात गेलीच पाहिजे, आणि ती बचत म्हणून मोजायची नाही, तो पुढे ढकललेला खर्च आहे. अनेकांची बचत फसते ती इथे. जे साठलं ते विम्याचंच होतं, विम्याने ते नेलं, आणि आपल्याच्याने बचत होत नाही असा शिक्का माणूस स्वतःवर मारून घेतो.

आता कर्जाचा कागद पुन्हा काढायचा. कोणतं आधी फेडायचं याबद्दल दोन पंथ आहेत. एक म्हणतो सगळ्यात चढ्या दराचं आधी. गणिताने हे बरोबर आहे, यात वाद नाही. दुसरा म्हणतो सगळ्यात लहान बाकी आधी, म्हणजे एक नाव कागदावरून खोडलं जातं आणि हुरूप येतो. गाल आणि मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जनिवारणाच्या योजनेतल्या लोकांची माहिती तपासली, तेव्हा पूर्ण कर्जमुक्त कोण होईल हे बंद झालेल्या खात्यांच्या प्रमाणावरून ओळखता येत होतं. आमचं मत असं: दरांत मोठी तफावत असेल, एकीकडे कार्डाचे ३६ आणि दुसरीकडे ९ टक्क्यांचं कर्ज, तर हुरूप बाजूला ठेवून कार्ड आधी. दर दोन-चार टक्क्यांच्या अंतरात असतील तर खुशाल लहान आधी संपवा. त्यात थोडं व्याज जास्त जाईल. ती हुरुपाची किंमत समजायची.

कार्डाचं गणित एकदा मांडून बघायलाच हवं, कारण ‘किमान देय’ हा शब्द फार मऊ आहे. बाकी ६०,०००, दर महिना ३ टक्के, किमान देय बाकीच्या ५ टक्के. पहिल्या महिन्यात व्याज १,८००, भरले ३,०००, मुद्दलातून गेले १,२००. बाकी ५८,८००. पुढच्या महिन्यात किमान देय थोडं कमी होतं, ते बघून बरं वाटतं, आणि खड्डा तिथेच आहे. भरायची रक्कम बाकीसोबत घटत जाते, त्यामुळे एक पैसाही नवा खर्च न करता कर्ज नुसतं निम्म्यावर यायला सुमारे ३४ महिने लागतात. आता त्याच माणसाने पहिल्या महिन्यातले ३,००० तसेच धरून ठेवले, किमान देय कितीही कमी दिसलं तरी दर महिन्याला ३,००० च भरले, तर सगळं कर्ज ३१ महिन्यांत संपतं. ४,००० भरले तर २१ व्या महिन्यात. नुसतं किमान देय भरणं आणि ३,००० धरून ठेवणं यांत पहिल्या महिन्यात काहीच फरक नाही. फरक आहे तो नंतर सवलत न घेण्यात, आणि धीर म्हणतात तो हाच, दिसायला अगदी कंटाळवाणा. या काळात कार्ड पाकिटात ठेवायचं नाही आणि खरेदीच्या साइटवर साठवलेला त्याचा नंबर पुसून टाकायचा. कार्डाचे कात्रीने तुकडे करणं नाट्यमय असतं, पण नंबर साइटवर तसाच राहिला तर त्या नाट्याला अर्थ नाही.

फेडीसोबतच थोडी गंगाजळी हवी. आधी सगळं कर्ज, मग बचत, असा कडक क्रम लावला की पहिल्याच आजारपणात कार्ड पुन्हा बाहेर येतं. म्हणून एका महिन्याच्या बांधील आणि लागणाऱ्या खर्चाइतकी रक्कम आधी उभी करायची, मग सगळा जोर महागड्या कर्जावर, आणि ते संपल्यावर गंगाजळी तीन ते सहा महिन्यांपर्यंत न्यायची. कमाई अनियमित असेल तर सहाच्याही पुढे.

सगळ्यात जास्त टाळला जातो तो फोन. हप्ता झेपत नाही हे कर्ज देणाऱ्याला सांगण्याचा. माणूस हप्ता चुकेपर्यंत थांबतो, मग त्यांचा फोन येतो, मग अनोळखी नंबर उचलणं बंद होतं, आणि एका महिन्याच्या अडचणीचं दंड, चढीव व्याज आणि खराब पतनोंदीत रूपांतर होतं. हप्ता चुकायच्या आधी केलेला फोन आणि चुकल्यानंतर केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो; आधी तुम्ही अडचणीतले ग्राहक असता, नंतर थकबाकीदार. फोन करण्यापूर्वी कागदावर एक आकडा लिहून ठेवायचा: महिन्याला जास्तीत जास्त किती भरता येईल. तो वरच्या हिशेबातून काढलेला हवा, भिडेतून नाही. मग चारच वाक्यं. माझा हप्ता अमुक आहे. अमुक कारणाने पुढचे काही महिने मला तमुकच जमेल. दर कमी करणं, मुदत वाढवणं किंवा थकबाकीचे हप्ते पाडून देणं, यातलं काय होऊ शकतं? जे ठरेल ते लेखी पाठवा. यापलीकडे घरची कर्मकहाणी सांगायला लागलं की आवाज भरून येतो आणि समोरून ‘निदान एवढे तरी भरा’ आलं की माणूस हो म्हणून बसतो. लाजेने कबूल केलेला हप्ता दुसऱ्याच महिन्यात चुकतो. तेव्हा कागदावरचा आकडा वाचून दाखवायचा, आणि त्याच्या वरचं काही आलं तर ‘बघून सांगतो’ म्हणून ठेवून द्यायचं. बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवायची.

मुदतवाढीला किंमत असते, तीही आधी माहीत असावी. ५,००,००० चं कर्ज, १२ टक्के दर, ५ वर्षं: हप्ता सुमारे ११,१२२. तेच ७ वर्षांवर नेलं तर हप्ता सुमारे ८,८२६. दरमहा जवळपास २,३०० चा श्वास मिळतो, आणि एकूण व्याज साधारण १,६७,००० वरून २,४१,००० वर जातं. हप्ता चुकवण्यापेक्षा हे बरंच. फक्त हात मोकळा झाल्यावर वरचे २,३०० पुन्हा भरायला सुरुवात करायची, आणि मुदतीआधी फेडल्यास शुल्क आहे का ते त्याच फोनवर विचारून ठेवायचं.

घरात सांगणं हे त्याहून अवघड. झाकली मूठ सव्वा लाखाची, या म्हणीवर किती कर्जं वर्षानुवर्षं लपवली जातात. बाहेरच्यांपुढे मूठ झाकायला हरकत नाही. जो माणूस त्याच उत्पन्नावर घर चालवतो आहे त्याच्यापुढे झाकली की तो वेगळ्याच आकड्यांवर खर्च ठरवत राहतो. इथे क्रम पाळायचा: आधी कागद, मग कारण. ‘तुला एक सांगायचं होतं, रागावू नकोस’ अशी सुरुवात केली की समोरच्याची कल्पना कागदाच्या पुष्कळ पुढे पळते. कागद समोर ठेवायचा, ‘हे एवढं आहे, यातलं हे तुला माहीत नव्हतं, आणि फेडायचं मी असं मांडलं आहे’ एवढं बोलायचं, आणि गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं. समोरचा पाच मिनिटं काही बोलणार नाही, किंवा फार बोलेल. दोन्हींत मधे पडून सफाई द्यायची नाही. आणि तुम्ही ऐकणाऱ्याच्या जागी असाल तर पहिला प्रश्न ‘का केलंस’ हा न विचारता ‘आणखी काही आहे का’ हा विचारा. पहिल्या सांगण्यात एखादं कर्ज मागे राहून जातं, बहुतेक वेळा तेच सगळ्यात लाजिरवाणं वाटणारं असतं.

नाही म्हणणं हे याच कामाचं दुसरं टोक. नात्यातलं कुणी उसने मागतं, कुणी जामीन राहायला सांगतं. जामीन राहणं हे सहीपुरतं काम वाटतं, पण मूळ कर्जदाराने हप्ते थांबवले की वसुली आपल्याकडे येते. म्हणून सही करण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: हे पूर्ण कर्ज मला फेडावं लागलं तर झेपेल का. नाही असेल तर उत्तर नाही. उसने देताना, परत आले नाहीत तरी नातं टिकेल एवढेच द्यायचे. नकाराचं वाक्य आधी तयार ठेवावं, ऐनवेळी सुचत नाही: ‘मी कुणालाच जामीन राहत नाही, ते मी ठरवूनच टाकलं आहे.’ कारण दिलं की कारणावर वाद घालता येतो. ठरवून टाकलेल्यावर घालता येत नाही.

बचतीबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण ती धिरावर सोपवायचीच नसते. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायची, सुरुवात हास्यास्पद वाटावी इतक्या लहान रकमेने, उत्पन्नाच्या अगदी २ टक्क्यांनीही. मग पगारवाढीगणिक टक्का वाढवायचा. थेलर आणि बेनार्टझी यांनी ही युक्ती एका कंपनीत वापरून २००४ साली तिचे आकडे मांडले: योजनेत सामील झालेल्यांची बचत ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. युक्तीतली खुबी अशी की हातात आलेलं काही कमी होत नाही, येणार असलेलं थोडं कमी येतं. त्याचं दुःख होत नाही.

दुःखाचा हा हिशेब गुंतवणुकीत उघडा पडतो. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार तोटा हा तेवढ्याच नफ्यापेक्षा जास्त बोचतो. १९९२ च्या त्यांच्या लेखात हे प्रमाण साधारण सव्वादोन पट निघालं. रोज भाव बघणाऱ्याला चढउतार जवळपास निम्मे-निम्मे दिसतात, म्हणजे बोचण्याची बाजू रोजच जड. वर्षातून दोनदा बघणाऱ्याचं मन तुलनेने शांत राहतं. आता इथे सुरुवातीच्या सल्ल्याच्या बरोबर उलट झालं हे खरं: कर्ज आणि खर्च वारंवार बघायचे, लांबच्या मुदतीची गुंतवणूक क्वचित. पहिल्यात बघितल्यावर काहीतरी करता येतं. दुसऱ्यात बघितल्यावर सुचतं ते बहुधा विकणंच.

बाजार पडलेला असताना काय करायचं हे तो पडायच्या आधी, शांत डोक्याने, अर्ध्या पानावर लिहून ठेवावं: हे पैसे कशासाठी आहेत, कधी लागणार, आणि कोणत्या कारणाने विकायचे. भाव पडला हे कारण त्या यादीत नसावं. पैसे लागण्याची वेळ जवळ आली हे असावं. जे पैसे पाच वर्षांच्या आत लागणार आहेत ते मुळात तिथे नसावेतच. २० टक्के घसरणीतून मूळ रकमेवर यायला २५ टक्के वाढ लागते, ५० टक्के घसरणीतून यायला १०० टक्के. हे गणित माहीत असलेला माणूस कर्ज काढून बाजारात उतरत नाही. पण नेमकं ते कर्जाच्या ओझ्याखालीच सुचतं: एकदा मोठा हात मारला की सगळं फिटेल. पोटात खड्डा पडल्याच्या त्या क्षणी धाडस धिराचा वेश घेऊन येतं. महिन्याला ठरावीक चढा परतावा देणाऱ्या योजना, उधारीवर घेतलेले सौदे, ‘आजच ठरवा’ म्हणणारा माणूस. आमचा नियम असा की घाईत सुचलेला मार्ग आठवडाभर कागदावर पडून राहू द्यायचा. आठवड्यात जो हातचा जातो तो गेलेला बरा.

महिन्यातून एकदा बसायचं, पुढे बैठक १५ मिनिटांवर येते. सहा रकान्यांतली बाकी नव्याने लिहायची, मागच्या महिन्याशेजारी. आणि ही बैठक कधी ना कधी बुडतेच. एक महिना राहतो, मग दोन, मग मागचं सगळं भरून काढायचं या विचारानेच कागद उघडवत नाही. मागचं भरायचं नाही. राहिलेले महिने कोरे सोडून द्यायचे, आजची तारीख घालायची, आजची बाकी लिहायची. ती वाढलेली असेल तर त्याच ओळीत वाढलेला आकडाही लिहायचा, अंगठा बाजूला घेऊन.